भिंतीपासून जोरापर्यंत

जानेवारीत जिमचं वर्षाचं पॅकेज घ्यायचं आणि फेब्रुवारीत 'अगं, पार्किंगच मिळत नाही' म्हणून सोडून द्यायचं, ही आपल्या पिढीची थोर परंपरा. त्यावर पुशअपइतका स्वस्त उतारा नाही. फी नाही, मशीन नाही, सतरंजीएवढी जागा पुरते. तरीही बहुतेक जण चौथ्या दिवशी 'आपल्याला नाही बुवा जमत' म्हणून उठतात. कारण सोपं आहे. सगळ्यांना थेट वरच्या पायरीवर उडी मारायची असते.

थोडं गणित करू. साध्या पुशअपमध्ये हातांवर आपल्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. वजन ७० किलो असेल, तर जवळजवळ ४५ किलो! गुडघे टेकवले की तो ४९ टक्क्यांवर येतो, म्हणजे ३४ किलो. हात दोन फूट उंचावर ठेवले तर ४१ टक्के, २९ किलो. उलट पाय दोन फूट उंच ठेवले, तर ७४ टक्के. डंबेल्सच्या रॅकवर आपण आधी हलकं उचलतोच ना? मग इथे कसली लाज?

माझ्या एका मैत्रिणीला तिच्या जिमच्या ट्रेनरने गुडघ्यावरचे पुशअप शिकवताना 'हे लेडीजवाले' असं सांगितलं. शेजारचा नवखा मुलगा ते ऐकून गुडघे न टेकवता कंबर लोंबकळवत पंधरा मारत होता. तिने पूर्ण पुशअपचा विचारच सोडला आणि त्याने पाठ धरून घरचा रस्ता धरला. एका शब्दाने दोघांचं नुकसान! गुडघ्यावरच्या पुशअपला स्त्री-पुरुष नसतं, फक्त किलो असतात.

तर आपली पायरी शोधा:

भिंत: वर्षानुवर्षं फक्त माउस हलवला असेल तर इथून सुरुवात. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा.

ओटा किंवा भक्कम टेबल: चहा उकळेपर्यंत एक सेट होतो. ऑफिसची चाकाची खुर्ची मात्र कृपया नको!

गुडघे: खाली घडी केलेली चादर घ्या. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेषा.

पूर्ण पुशअप: कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांत, कंबर ताठ, छाती जमिनीजवळ.

पाय सोफ्यावर: खांद्यांची खरी परीक्षा.

जोर: आपल्या तालमीतला. कंबर वर, मग छाती जमिनीलगत सरकवत पुढे आणि वर. आजोबांच्या पिढीने याला 'फंक्शनल ट्रेनिंग' न म्हणताच रोज केलं.

नियम एकच. एका पायरीवर बारा-बाराचे तीन सेट शेवटच्या रेपपर्यंत नीट झाले की पुढची पायरी. एक दिवस आड करा. मनगट दुखत असेल तर मुठीवर करून बघा. खांद्यात कळ आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या हजाराहून अधिक पुरुष फायरफायटर्सचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीसपेक्षा जास्त पुशअप्स काढणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण दहासुद्धा न काढू शकणाऱ्यांपेक्षा खूपच कमी आढळलं. म्हणजे पुशअप मारले की हार्ट अटॅक येणारच नाही, असं मुळीच नाही. पण एकंदर फिटनेस कुठे आहे, हे हा फुकटचा व्यायाम बऱ्यापैकी खरं सांगतो.

मात्र आपणही त्याच्याशी खरं बोलायला हवं. अर्धवट काढलेले तीस मित्रांना सांगायला बरे, पण दंडांना त्यातले पाचसुद्धा कळत नाहीत. तेव्हा आज रात्री टीव्हीसमोर बसण्याआधी ओट्यावर फक्त दहा. पूर्ण खाली, पूर्ण वर. आणि मोठ्याने मोजा!