नाव सोनुबाई

माझं वय सत्तेचाळीस, चष्म्याचा नंबर वजा साडेपाच आणि नोकरी बँकेत, तीही कॅश काउंटरवर. या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या तर मी वैमानिक होण्याची शक्यता आता थोडी कमीच आहे, हे मलाही कळतं. पण आम्ही राहतो घाटकोपरला. मुंबईच्या सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात, आणि इतक्या खालून जातात की वाळत घातलेल्या पापडांनी मान खाली घालावी. लहानपणी अण्णा मला खांद्यावर घेऊन विमानांची पोटं दाखवायचे. ती पोटं मी चाळीस वर्षं पाहतो आहे. पाठ एकदाही पाहिली नाही. विमानात बसलोय दोनदा. पण एकदा मधली सीट मिळाली आणि एकदा खिडकी, तीही नेमकी पंखावरची.

अशा माणसाला भाच्याने सांगितलं, "मामा, तू फ्लाइट सिम्युलेटर घे." हा खेळ १९८२ पासून पीसीवर आहे, पण २०२० सालच्या आवृत्तीत त्यांनी वरून काढलेल्या फोटोंवरून सबंध पृथ्वीच उभी केली. सदतीस हजारांवर विमानतळ. त्यात आपलं जुहूही, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उतरले. थोडक्यात, मी घाटकोपरवरून स्वतः विमान उतरवू शकतो आणि माझीच गच्ची वरून पाहू शकतो. आता ती गच्ची हुबेहूब असेलच असं नाही. मेलबर्नच्या एका उपनगरात या खेळात २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला होता. नकाशात कुणीतरी २ च्या ऐवजी २१२ टाइप केलं होतं, एवढंच. आमच्याकडे असं झालं तर माणूस संध्याकाळी नऊपर्यंत घरी जात नाही.

घरी प्रस्ताव मांडला तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, एवढ्या पैशात खऱ्या विमानाने दहादा नागपूरला जाऊन याल." हे खरं आहे. पण नागपूरला जाताना मला कुणी विमान चालवायला देणार नाही. शिवाय पैसे माझ्या मुदत ठेवीचे होते. ठेव मुदतीपूर्वी मोडणाऱ्या ग्राहकाकडे मी वीस वर्षं ज्या नजरेने पाहत आलो, त्याच नजरेने त्या दिवशी शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तर ठेव मोडून मी दुकानात गेलो. तिथल्या मुलाने मला एक लॅपटॉप दाखवला. त्याच्या कळांखाली लाल, निळे, हिरवे दिवे पळत होते. गणपतीच्या मखराला शोभले असते. "गेमिंग आहे सर. आय-सेव्हन. चौदा कोअर. आरटीएक्स ४०६०. काहीही पळेल."

इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. आमच्या शाखेत काउंटर सहा आहेत. पण पेन्शनच्या दिवशी रांग लागते ती माझ्यापुढे, आणि ती हलते ती माझ्या हाताच्या वेगाने. बाकीचे पाच जण स्वेटर विणत बसले तरी तिला फरक पडत नाही. विमानाच्या खेळाचं असंच आहे. त्याचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरपुढे रांग लावून उभं राहतं. तेव्हा कोअर चौदा आहेत हे मला सांगू नका, कॅशियर किती चपळ आहे ते सांगा. त्यातही आय-सेव्हन हे नुसतं आडनाव. नंबरच्या शेवटी यू असेल तर गडी बेताच्या आहारावरचा, एच असेल तर पोटभर जेवणारा. मेमरीचंही तसंच. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या आवृत्तीला किमान १६ जीबी लागते आणि खेळ बनवणारेच ३२ ची शिफारस करतात. मुलगा ८ जीबीवर "पळेल" म्हणत होता. पळेल, पण धावपट्टी सोडणार नाही.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. माझं भांडण आहे ते त्या ग्राफिक्स कार्डाच्या नावाशी.

लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०६० हा ३५ वॅटचाही असतो आणि ११५ वॅटचाही. तिपटीहून जास्त फरक, पण नाव एक, खोक्यावरचं स्टिकर एक. ४०७० ची तऱ्हा आणखी निराळी: टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी घ्याल तर त्याला स्वतःची मेमरी १२ जीबी, लॅपटॉपमध्ये घ्याल तर ८. मोठ्या घरचा ४०९० घ्या. तिकडे २४, इकडे १६. २०२५ साली ५०७० आला, त्यानेही घराण्याची रीत पाळली, पुन्हा १२ आणि ८. पूर्वी कमी जेवणाऱ्या कार्डाच्या नावाला 'मॅक्स-क्यू' अशी शेपटी तरी असायची, माणूस सावध व्हायचा. २०२१ च्या पिढीपासून त्या शेपटीचा तो अर्थही गेला.

मला सांगण्यात येतं की पातळ डब्यात उष्णता मावत नाही, म्हणून वॅट कमी ठेवावे लागतात. मान्य! निसर्गनियमाशी माझं काही वैर नाही. माझ्या डब्यातही दोनच पोळ्या मावतात. पण म्हणून मी त्याला पंचपक्वान्नांचं ताट म्हणत नाही. हा आकडा असतो, नाही असं नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलांच्या तळाशी, 'टीजीपी' अशा तीन अक्षरांच्या बुरख्याआड. आमच्याकडे चेकवर अक्षरी रक्कम एक आणि आकडी दुसरी असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१, कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी. आणि व्यवहारात म्हणाल तर तो चेक आम्ही सरळ परत पाठवतो. इथे लाखाच्या वस्तूवर अक्षरी तेवढी लिहिली आहे, आकडा शोधायला गिऱ्हाइकाने पाताळात जायचं. आमच्या फ्रिजच्या दारावर तो वर्षाला किती युनिट खाणार हे छापलेलं आहे, तेही आजीला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरांत. मग लॅपटॉपला कसली लाज?

"एवढा त्रास कशाला, डेस्कटॉप घ्या, त्याच पैशात जास्त मिळेल," असं सांगणारे ऑफिसात तिघे भेटले. तिघांची मुलं अमेरिकेत असल्यामुळे त्यांच्या घरात एकेक खोली रिकामी आहे. आमच्याकडे टेबल एकच. सकाळी त्यावर कणीक मळतात, दुपारी सौ.चं शिवणाचं मशीन, संध्याकाळी मुलीचा अभ्यास. रात्री साडेदहानंतर माझी धावपट्टी मोकळी होते. मांडायचं, उतरायचं, मिटायचं. आणि मला गोळीबाराच्या खेळासारखी सेकंदाला शंभर चित्रं नकोत. तीस आली तरी विमान सुखाने टेकतं. पण ती तीस दाट वस्तीच्या शहरावरून खाली येतानाही आली पाहिजेत; आणि वस्ती दाट म्हणजे किती, हे घाटकोपरच्या माणसाने का सांगायला हवं?

म्हणून मी त्या मुलाला विचारलं, "याचे वॅट किती?"

त्याने चार्जर उलटा करून वाचला. "दोनशे तीस, सर."

"हे चार्जरचे. कार्डाचे?"

"सर, आरटीएक्स आहे."

दुसऱ्या दुकानात "कंपनी सांगत नाही" असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दुकानात रविवारी गेलो, बँकेचं ओळखपत्र चुकून गळ्यात राहिलेलं, हातात वही आणि पेन. मी प्रश्न विचारला, उत्तराची जागा वहीत कोरी ठेवली आणि उभा राहिलो. मुलगा आत गेला, मॅनेजर बाहेर आले. ओळखपत्राकडे पाहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "साहेब, इन्स्पेक्शन आहे का?"

मी खोटं बोललो नाही. फक्त वहीत तारीख घातली.

चार मिनिटांत चहा आणि सहाव्या मिनिटाला आकडा आला. किंमत एक लाख अठरा हजार, वॅट साठ.