दुर्मीळ रेकॉर्ड लपवायची की वाजवायची?

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क रेकॉर्डवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. प्रतिस्पर्ध्यांना गाण्याचं नाव कळू नये म्हणून! सल्ला वडिलांचा. धंदा म्हणून ठीकच.

पण मला डीजे शॅडो जवळचा वाटतो. सॅक्रामेंटोतल्या एका दुकानाच्या तळघरात धूळ खात पडलेले रेकॉर्डचे ढीग त्याने उपसले. १९९९मध्ये कट केमिस्टसोबत केलेल्या ‘ब्रेनफ्रीझ’ या मिक्ससाठी दोघांनी सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड वाजवल्या. ते ऐकून विस्मरणात गेलेली मूळ फंक गाणी लोक शोधू लागले.

सुई फिरली की खाच थोडी झिजतेच. झिजू दे. अशी कितीतरी गाणी अजून स्ट्रीमिंगवर आलेलीच नाहीत.