विजेची गाडी : बॅटरी पोटात की तार डोक्यावर?

विजेची गाडी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे हिरव्या पाटीची नवी मोटार उभी राहते. पण ही कल्पना मुळीच नवी नाही. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम आली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. आगगाडीने विजेची साथ सोडली नाही. मोटारीने मात्र ती दीर्घकाळ सोडली. असे का व्हावे?

थोडे गणित करू. १ किलो पेट्रोल जाळले की सुमारे १२ युनिट, म्हणजे १२ किलोवॉट-तास, उष्णता मिळते. तिचा जेमतेम चौथा भाग चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे ३ युनिट. १ किलो लिथियम-आयन बॅटरीत मावतात फक्त ०.१५ ते ०.२ युनिट. विद्युत मोटर त्यातील सुमारे ९० टक्के वीज कामी लावते हे खरे. तरीही १ किलो पेट्रोलचे काम करायला साधारण २० किलो बॅटरी लागते! जुनी शिशाची बॅटरी तर याहून चौपट-पाचपट जड. शिवाय पेट्रोल संपेल तशी गाडी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे ओझे तेवढेच राहते.

आता मुंबईची लोकल पाहा. चाके फिरवण्यासाठी तिला बॅटरी वाहून न्यावी लागत नाही. डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज हवी तेव्हा मिळते. ब्रेक लावताना मोटर जनित्राचे काम करते आणि ती वीज तारेत परत जाऊन दुसऱ्या गाडीला उपयोगी पडते.

म्हणून माझे मत असे, की स्कूटर आणि रिक्षा यांना बॅटरी द्यावी. पण जेथे मार्ग ठरलेला आणि प्रवासी पुष्कळ, तेथे पहिला मान तारेचा. मुंबईत १९६२ ते १९७१ या काळात तारेवरच्या ट्रॉलीबसही धावल्या होत्या. तारा उभारणे खर्चाचे असते, आणि वीज गेली की सगळ्याच गाड्या अडतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो खर्च हजारो प्रवाशांत वाटला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या देशात दोन तृतीयांशांहून अधिक वीज कोळशापासून होते. रस्त्यावरचा धूर नाहीसा झाला, तरी चंद्रपूरच्या धुराड्यातून तो निघतोच. तेव्हा एखाद्या गाडीला कोणी ‘प्रदूषणमुक्त’ म्हटले तर लगेच मान डोलावू नका. तिची वीज आली कोठून आणि एका प्रवाशामागे किती युनिट खर्ची पडले, एवढे अवश्य विचारा. दीड हजार किलोंची मोटार एकट्या माणसाला घेऊन निघाली असेल, तर ती विजेची आहे एवढ्याने हिशेब पुरा होत नाही.