क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे

राखेच्या बुधवारी कपाळी राखेचा क्रूस रेखून ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून मोजलेले हे चाळीस दिवस प्रार्थना, उपवास व दानधर्म यांत घालवावेत, असा परिपाठ आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बहुधा याच सुमारास पैठणची नाथषष्ठीही येते. गोदास्नान करून परतताना अंगावर वारंवार थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा नदीवर जाणाऱ्या एकनाथांची आख्यायिका येथे सर्वपरिचित आहे. थुंकणारा अखेर खजील होऊन नाथांना शरण गेला, हा तिचा शेवट अर्थपूर्ण आहे.

क्षमा हे दुर्बळांचे लक्षण, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या प्रार्थनेत अपराधासाठी मराठी बायबलने ‘ऋण’ हा शब्द योजला आहे. त्याच ग्रंथात एका सेवकाचा दृष्टान्त आहे. राजाने त्याचे १०,००० तालांतांचे कर्ज सोडले. त्याने मात्र सोबत्याला १०० दीनारांसाठी तुरुंगात टाकले. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी ज्याला माफ झाली, त्याला शंभर दिवसांची सोडवली नाही! आपणास मिळालेले विसरणे आणि आपले येणे मात्र पै-पैने लक्षात ठेवणे, हा मनुष्यस्वभावच आहे.

पण ऋण सोडावयाचे तर ते आधी मान्य व्हावे लागते. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, हे येथे ध्यानात घ्यावे. अन्याय करणाऱ्याने भरपाईचे नाव न काढता पीडितालाच औदार्याचा उपदेश करणे, ही क्षमा नव्हे. तो दुसरा अन्याय होय.

महाराष्ट्रातील एक उदाहरण बोलके आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी पत्नीला न सांगता बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तो वज्राघातच होता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, त्या स्वतःचा धर्म व सोवळे सांभाळूनच. त्यांचा बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये झाला. मते जुळण्यापूर्वीच मने जुळली होती. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त पतीचा तापटपणा त्यांनी लपविलेला नाही, परंतु त्या सांगण्यात कडवटपणाही नाही. काही न विसरता त्यांनी क्षमा केली, म्हणूनच तो संसार नव्याने उभा राहिला.

मराठवाड्यात हातभर बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी झिजवितात. वादातील जमिनीच्या किमतीहून खर्च अधिक होतो. व्याज मात्र पुढच्या पिढीच्या अबोल्यावर चढत राहते. कचेरीत शेजारी बसून न बोलणारे सहकारी काही वेगळे करीत नाहीत. अशा खात्यांत चुकलेल्याने आधी चूक कबूल करावी, दुखावलेल्याने मग दार उघडावे. उपवास कोणत्याही धर्माचा असो, अन्नाबरोबर एक जुने वैर सोडले, तरच त्याचे पारणे गोड होईल.