अविश्वासाचा ठराव आणि दर आठवड्याचे काम

२५ ऑक्टोबर २०१६ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास दर्शविणारा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. सत्ताधारी राष्ट्रवादी काँग्रेस, तिच्यासोबतची काँग्रेस आणि विरोधी बाकांवरील शिवसेना त्या दिवशी एका बाजूस होती. ठरावाच्या विरोधात मत देणारे सहाही नगरसेवक भारतीय जनता पक्षाचे होते. सुमारे साडेपाच वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर, जानेवारी २०२६ मध्ये नवी मुंबईकरांनी पुन्हा आपले नगरसेवक निवडून दिले आहेत. अशा वेळी त्या जुन्या प्रसंगाकडे शांतपणे पाहणे उपयुक्त ठरेल.

मुंढे मे २०१६ मध्ये आयुक्त म्हणून आले. अनधिकृत बांधकामे, फेरीवाले आणि कामचुकार कर्मचारी यांच्याविरुद्ध त्यांनी कारवाई सुरू केली. सामान्य नागरिकांच्या एका मोठ्या वर्गाने तिचे स्वागत केले. नगरसेवकांची तक्रार मात्र अशी होती की, आयुक्त लोकप्रतिनिधींना विश्वासात घेत नाहीत आणि एकाधिकारशाहीने कारभार करतात. गावठाणांतील भूमिपुत्रांची व्यथा आणखी वेगळी होती. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, त्यांनी वाढत्या कुटुंबासाठी बांधलेली घरेच अनधिकृत ठरत होती. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

प्रश्न हा की, त्या सभेत निर्णय झाला तो या गुणदोषांवर की पक्षांच्या गणितावर? त्या वेळी राज्यात भाजप आणि शिवसेना यांचे संयुक्त सरकार होते. त्याच सरकारने नेमलेल्या आयुक्तांविरुद्ध शिवसेनेने मतदान केले. मुख्यमंत्र्यांचा पक्ष त्यांच्या पाठीशी राहिला. ठराव प्रचंड बहुमताने संमत होऊनही आयुक्त लगेच बदलले गेले नाहीत. मार्च २०१७ मध्ये त्यांची पुण्याच्या परिवहन महामंडळावर बदली झाली.

ही तत्त्वाची लढाई होती, असे कोणी म्हणेल. मग नाशिककडे पाहावे. २०१८ च्या फेब्रुवारीत मुंढे तेथे आयुक्त झाले आणि करवाढीच्या निर्णयावरून वाद पेटला. ऑगस्टमध्ये त्यांच्याविरुद्ध अविश्वास प्रस्ताव आणण्यासाठी पुढे सरसावला तो तेथील सत्ताधारी भाजप! मुख्यमंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर प्रस्ताव मागे घेण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची पुन्हा बदली झाली. अधिकारी तोच, कार्यपद्धती तीच. परंतु बेलापुरात ज्या पक्षाला ती शिस्त वाटली, त्यालाच नाशिकमध्ये ती मनमानी वाटली. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये गणेश नाईक यांनी भाजपमध्ये प्रवेश केला आणि नवी मुंबईतील राष्ट्रवादीचे बहुतेक नगरसेवक त्यांच्यासोबत गेले. तीन वर्षांपूर्वी ठरावाच्या बाजूने हात वर करणारे आणि त्यास विरोध करणारे आता एकाच पक्षात बसले.

हा दोष केवळ महापालिकांचा नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरील महाभियोगाचा प्रस्ताव ११ मे १९९३ रोजी लोकसभेत मतास आला. मराठी वाचकांना परिचित असलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला होता. प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली; विरोधात एकही नाही. तरीही प्रस्ताव फेटाळला गेला, कारण सत्ताधारी काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष यांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले. आरोप खोटे आहेत असे म्हणण्याचे धैर्य नव्हते आणि खरे आहेत असे म्हणण्याची तयारी नव्हती. याउलट ऑगस्ट २०११ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांना राज्यसभेने आपली बाजू स्वतः मांडू दिली. नंतर सत्ताधारी आणि प्रमुख विरोधी पक्ष यांनी एकत्र मतदान करून प्रस्ताव १८९ विरुद्ध १७ मतांनी संमत केला. लोकसभेत चर्चा होण्यापूर्वीच सेन यांनी राजीनामा दिला. पक्षभेद बाजूला ठेवणे अशक्य नसते, याचे हे उदाहरण आहे.

न्यायमूर्तींच्या बाबतीत निदान एक पद्धत आहे. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, तिघांच्या समितीकडून चौकशी आणि त्यानंतर मतदान. महापालिका आयुक्तांसाठी कायदा फक्त संख्या विचारतो. एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश सदस्यांनी, म्हणजे १११ जणांच्या सभेत ७० जणांनी, अनुकूल मत दिले की पुरे. त्यासाठी आरोपपत्र लागत नाही, चौकशीही लागत नाही. शिवाय पक्षादेश मोडणाऱ्या नगरसेवकाचे पद १९८६ च्या अनर्हता कायद्याने जाऊ शकते. जेथे पुरावा मागितला जात नाही आणि सदसद्विवेकाने मत देणाऱ्यास शिक्षेची भीती असते, तेथे पक्षाचा निरोप हाच निर्णय ठरतो. अल्पमतातील सहा जणांचा विरोध योग्य असू शकतो, तसेच १०४ जणांचा पाठिंबाही. परंतु कोणत्या कृत्याबद्दल आणि कोणत्या पुराव्यावर, हे ज्याने सांगितले नाही त्याचे मत केवळ मोजले जाते. त्याला वजन येत नाही.

खरे पाहता आयुक्तांना जाब विचारण्याचे साधन कायद्याने लोकप्रतिनिधींच्या हाती आधीच दिलेले आहे. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीची बैठक आठवड्यातून एकदा व्हावी, अशी तरतूद आहे. सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा तरी भरते. मोरबे धरणाचे पाणी दिघ्यापर्यंत पुरेशा दाबाने का पोहोचत नाही, कचऱ्याचा ठेका कोणत्या अटींवर दिला, गावठाणातील घरावर हातोडा पडण्यापूर्वी मालकाचे म्हणणे ऐकून घेतले का, हे प्रश्न तेथे विचारता येतात आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदली जातात. वर्षभर असे प्रश्न विचारले गेले, तर अविश्वासाच्या ठरावामागे पुरावा उभा राहतो. कदाचित ठरावाची गरजच उरत नाही. जेथे हे कंटाळवाणे काम टाळले जाते, तेथे अखेरीस एका दिवसाच्या गाजावाजाचाच आधार घ्यावा लागतो.

मे २०२० मध्ये सभेची मुदत संपल्यावर हे साधनही राहिले नाही. पाच वर्षांहून अधिक काळ सर्वसाधारण सभेचे, स्थायी समितीचे आणि आयुक्तांचे अधिकार एकाच प्रशासकाच्या हाती एकवटले. ज्या एकाधिकारशाहीविरुद्ध १०४ जणांनी मत दिले होते, ती तर कायदेशीर व्यवस्थाच बनली. पण त्या काळात किती माजी नगरसेवकांनी निवडणुकीसाठी तेवढ्याच एकदिलाने आवाज उठवला, हे प्रत्येक प्रभागातील मतदाराने स्वतःला विचारून पाहावे.

नव्या सभेतही आयुक्त आणि नगरसेवक यांच्यात मतभेद होतील, ते व्हावेतच. सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते आणि माहितीच्या अधिकाराने इतिवृत्त मिळू शकते. आपला नगरसेवक किती सभांना हजर राहिला आणि त्याने कोणते प्रश्न विचारले, याची नोंद आपण ठेवू लागलो, तर पक्षाच्या निरोपापेक्षा मतदाराचा प्रश्न त्याला अधिक जवळचा वाटू लागेल. तो बदल सभागृहातून येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.