दाढेचा खळगा आणि ‘नुसती वाफ’

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा अक्कलदाढ काढून घेण्यासाठी आमच्याकडे आला होता. वय १९ वर्षे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. खालच्या जबड्यातली त्याची दाढ आडवी उगवली होती. दंतवैद्यांनी ती व्यवस्थित काढली, कापसाचा बोळा दाताखाली घट्ट धरायला सांगितले आणि सूचनांचा एक छापील कागद हातात दिला. त्या कागदावर ‘धूम्रपान करू नये’ अशी एक ओळ होती.

पहिला दिवस बरा गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी रात्री मात्र स्वारी कान धरून बसली. ठणका जबड्यातून थेट कानापर्यंत जात होता आणि तोंडाला दुर्गंधी येत होती. मी विचारले, “अरे, सिगारेट ओढलीस काय?” तो म्हणाला, “नाही मामा, आईशप्पथ नाही.”

सकाळी दंतवैद्यांनी खळगा तपासला. तेथे जी रक्ताची गुठळी असायला हवी होती ती नव्हती. तळाशी जबड्याचे हाड उघडे पडले होते. त्यांनी खळगा धुतला आणि त्यात औषधाची पट्टी भरली. घरी परतताना रिक्षात भाचा हळूच म्हणाला, “मामा, सिगारेट नव्हती ती. नुसती वाफ होती. व्हेप.”

विद्यार्थी मित्रांनो, मला राग आला, हे कबूल करतो. परंतु थोडा विचार केल्यावर ध्यानात आले की मुलगा खोटे बोललाच नव्हता. कागदावर ‘धूम्रपान’ असे छापले होते आणि त्याच्या समजुतीप्रमाणे व्हेपमध्ये धूर नव्हता. त्या एका शब्दाच्या आडून तो सुटला, पण त्याच्या जबड्यातली जखम काही सुटली नाही. एवढ्यावरून व्हेपमुळेच हे घडले असे सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. खालची अक्कलदाढ काढल्यावर आयुष्यात कधी काही न ओढणाऱ्यालाही असा त्रास होऊ शकतो. मग व्हेपवर संशय का घ्यायचा? त्यासाठी आधी खळगा कसा भरतो ते पाहू.

गुठळी म्हणजे घाण नव्हे

दात उपटला की जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांच्या आकाराचा खळगा उरतो. तो लगेच रक्ताने भरतो. रक्तपट्टिका एकमेकींना चिकटतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशी अडकतात आणि काही मिनिटांत गुठळी तयार होते. अनेकांना ही काळपट गुठळी म्हणजे साचलेली घाण वाटते आणि ते ती खळखळून चूळ भरून काढू पाहतात. वस्तुतः ती त्या जखमेची पहिली मलमपट्टी असते. खालचे हाड आणि मज्जातंतूंची टोके ती झाकून ठेवते. शिवाय नव्या पेशींना चढून यायला ती परांचीही असते.

घर बांधताना गवंडी बांबूंची परांची बांधतात, तसेच हे आहे. पहिल्या आठवड्यात गुठळीत सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात आणि तिच्या जागी मऊ, लालसर ऊती तयार होऊ लागते. पुढच्या काही आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते. आत नवे हाड भरायला दीड-दोन महिने लागतात आणि ते पक्के व्हायला त्याहूनही अधिक. या साऱ्या कामाचा पाया पहिल्या तीन-चार दिवसांत घातला जातो.

ही गुठळी नीट बनलीच नाही, किंवा बनून वेळेआधी विरघळली अगर निसटली, तर हाड उघडे पडते. या विकाराला ‘शुष्क खळगा’ म्हणता येईल. दंतवैद्य त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. १८९६ साली क्रॉफर्ड यांनी त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. साधे दात काढल्यावर शंभरात सुमारे १ ते ५ जणांना तो होतो. खालच्या अक्कलदाढांच्या बाबतीत हे प्रमाण बरेच वाढते. एक खूण लक्षात ठेवा. साधी जखम दिवसागणिक कमी दुखते, तर शुष्क खळगा मधेच, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, जास्त दुखू लागतो.

वाफ नव्हे, फवारा

आता व्हेपकडे वळू. आजची विजेरीवर चालणारी ई-सिगारेट चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास विकसित केली. तिच्यात एक लहानशी तार तापते आणि तिच्याभोवतीचा द्रव उडून जातो. हा द्रव म्हणजे पाणी नव्हे. तो मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण असतो. त्यात स्वाद मिसळलेले असतात आणि बहुधा निकोटीनही.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना आणि ग्लिसरीन २९० अंशांना. एवढ्या उष्णतेत यांतील काही रेणू तुटतात व फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्ये बनू शकतात. बाहेर येऊन थंड होताच त्या वायूचे अतिसूक्ष्म थेंब होतात. म्हणजे तोंडात जाते ती वाफ नसून थेंबांचा फवारा असतो, शास्त्रीय भाषेत वायुकलिल. ‘वाफ’ म्हटले की आपल्याला चहाचे आधण किंवा सर्दीवर घेतलेला शेक आठवतो. या घरगुती शब्दामुळेच मोठा घोटाळा होतो.

निकोटीन शरीरात गेले की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके स्रवतात आणि लहान रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्या खळग्याला रक्ताची, त्यातून येणाऱ्या प्राणवायूची आणि नव्या पेशींची सर्वांत अधिक गरज असते, त्याचाच पुरवठा मंदावतो. हे निकोटीन तंबाखूच्या पानातून आले की रंगीत नळीतून, याची जखमेला पर्वा नसते. दुसरी शंका ओढण्याच्या क्रियेची. नळी ओठांत धरून आत ओढताना तोंडातला दाब कमी होतो आणि त्यामुळे कोवळी गुठळी सरकू शकते. याच कारणाने स्ट्रॉने शीतपेय पिऊ नये असे सांगतात. या ओढीचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. निकोटीनचा परिणाम मात्र चांगला परिचयाचा आहे.

कशाच्या तुलनेत?

माझ्या भाच्याने पुढे एक मुद्दा मांडला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तो म्हणाला, “पण मामा, इंग्लंडमध्ये तर व्हेप कमी घातक मानतात.” बरोबर आहे. तेथील सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ साली, व्हेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असावे, असा अंदाज प्रसिद्ध केला होता. त्यावर टीकाही झाली. तो अंदाज क्षणभर मान्य करू. सिगारेटच्या धुरात डांबर असते आणि कार्बन मोनॉक्साइडही असतो. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. व्हेपमध्ये तंबाखू जळत नसल्याने हा धोका फारसा नाही. म्हणून अनेक वर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती सोडण्यासाठी व्हेप घ्यावे काय, हा प्रश्न तेथे विचारला गेला.

परंतु विज्ञानात ‘कमी’ हा शब्द भेटला की ताबडतोब विचारावे, ‘कशाच्या तुलनेत?’ सिगारेटच्या तुलनेत कमी असेल. दात काढलेल्या १९ वर्षांच्या मुलापुढे मात्र सिगारेट की व्हेप अशी निवड नसते. व्हेप की काहीच नाही, अशी ती असते. काहीच न ओढण्याच्या तुलनेत व्हेप जखमेला हितकारक आहे, असे कोणीही म्हणत नाही. दोतल्ला घरावरून पडणे दहातल्ला इमारतीवरून पडण्यापेक्षा बरे, म्हणून कोणी दोतल्ला घरावरून उडी मारीत नाही.

दुसरा आक्षेप असा की व्हेप आणि शुष्क खळगा यांवर थेट अभ्यास फारसे नाहीत. हेही खरे आहे. सिगारेटबाबत अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, ओढणाऱ्यांत शुष्क खळग्याचा संभव सुमारे तिप्पट आढळला. व्हेपसाठी असा भक्कम आकडा आज देता येणार नाही. पण पुरावा नसणे म्हणजे निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. कारणाची साखळी समोर दिसत असताना आणि थांबण्याची किंमत केवळ काही दिवसांचा संयम एवढीच असताना, थांबणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. माझे मत स्पष्ट आहे. दात काढल्यानंतर ‘धूर नको’ एवढे सांगून भागणार नाही. ‘निकोटीन नको आणि काहीही ओढणे नको’ असे सांगितले पाहिजे.

चूक फक्त मुलांची नाही

हा शब्दांचा खेळ नवीन नाही. आपल्याकडे कित्येक घरांत मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखूच. परंतु ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर मिश्री लावणारी आजी ‘नाही बाई’ म्हणून सांगेल, कारण तिच्या लेखी ती दात घासण्याची वस्तू आहे. १९९२ साली दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारने मनाई केली, तरी सवय उरलीच. दुखऱ्या हिरडीवर मिश्री दाबणारी आजी आणि खोलीचे दार लावून व्हेप ओढणारा नातू, दोघांनाही एकाच चुकीच्या नावाने फसविले आहे.

आणि आम्ही मोठी माणसे काय करतो? ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. ती असावी, असेच मला वाटते. पण बंदी आहे म्हणून वस्तू नाहीच, असे धरून शाळा आणि पालक गप्प बसतात. चोरून आलेल्या नळीत निकोटीन किती, हे तपासणारे कोणी नाही. वेष्टनावरील आकड्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? मुलाला हे विचारायचे असते, पण विचारले तर आधी कानाखाली बसेल ही भीती. दंतवैद्यांच्या खोलीत शेजारी आई उभी असते. मग मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि उपचार अर्ध्या माहितीवर होतात.

म्हणून दंतवैद्यांना माझी विनंती आहे. कागदावर सिगारेट, विडी, व्हेप, हुक्का, तंबाखू, मिश्री, गुटखा अशी सारी नावे लिहावीत, शेजारी एका ओळीत कारण द्यावे, आणि हा प्रश्न मुलाला दोन मिनिटे एकट्याला विचारावा. शिक्षकांना विनंती अशी की रक्त गोठण्याचा धडा शिकविताना गुडघ्याच्या खरचटण्याबरोबर दाताच्या खळग्याचेही उदाहरण घ्यावे. दात वेडेवाकडे असले तर तारा बसविण्याआधी उपदाढा काढतात. वर्गात असे एक-दोन विद्यार्थी सहज सापडतील.

तुमच्यासाठी

तुमचा दात काढला तर बोळा सांगितला तितका वेळ दाबून ठेवा. पहिले २४ तास चूळ भरू नका, जोराने थुंकू नका, स्ट्रॉ वापरू नका. जीभ, बोट किंवा काडी खळग्यात घालू नका. मऊ भात, कोमट खिचडी, ताक असे खा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा आणि बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासा. निकोटीन असलेले काहीही किमान तीन दिवस, शक्य तर हिरडी मिटेपर्यंत, नको. अर्थात त्यानंतरही ते नसलेलेच बरे. दुसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला तर घरातली उरलेली औषधे न घेता दंतवैद्यांकडे जा. शुष्क खळगा लवकर दाखविला तर आराम पडायला वेळ लागत नाही.

आणि तीन दिवसही थांबवत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते व्यसनाचे लक्षण आहे आणि त्यावर मदत मिळते. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे.

माझ्या भाच्याचा खळगा पुढे व्यवस्थित भरला. पट्टी बदलायला गेलो तेव्हा मी बाहेर बाकावर बसून राहिलो आणि तो एकटाच आत गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, “मामा, या वेळी सगळे खरे सांगितले.” मग आम्ही घरी येऊन मऊ भात खाल्ला.