‘अचानक’ म्हणजे कधीपासून?

टीव्हीवरची मालिका, तीही परदेशी, त्यातही ड्रॅगन आणि राजेरजवाड्यांची. तिच्यावर बायकांच्या चळवळीच्या अंकात कशाला लिहायचं, असं काही जणींना वाटेल. पण मैत्रिणींनो, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकन मालिकेच्या शेवटावरून २०१९ मध्ये प्रेक्षकांत जो वाद पेटला तो मुळात एका बाईच्या वागण्यामागचं कारण काय, याबद्दलचा होता. समुपदेशनाचं काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांची रोज याच प्रश्नाशी गाठ पडते. म्हणून हा वाद नीट समजून घ्यावासा वाटला.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली ही मालिका २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वं आणि ७३ भाग चालली. आपल्याकडेही शेवटच्या पर्वाच्या वेळी सोमवारी सकाळी साडेसहाला उठून ती बघणारी तरुण मंडळी होती. तिच्यातली एक प्रमुख व्यक्तिरेखा म्हणजे डेनेरिस. राज्य गमावलेल्या राजाची ही मुलगी. सख्खा भाऊ सैन्याच्या बदल्यात तिचं लग्न एका टोळीप्रमुखाशी लावून देतो आणि पहिल्याच रात्री तिच्यावर जबरदस्ती होते. तिथून ती उभी राहते, तीन ड्रॅगन वाढवते, एकामागून एक शहरं जिंकून तिथल्या गुलामांना मुक्त करते. देशोदेशीच्या मुलींना ती आपली वाटली. आणि शेवटून दुसऱ्या भागात, शत्रूचं शहर शरण आल्याच्या घंटा वाजत असताना, हीच डेनेरिस ड्रॅगनवर बसून ते अख्खं शहर लेकराबाळांसकट जाळते. पुढच्या भागात तिचा प्रियकर जॉन तिला जवळ घेतो आणि तिच्या छातीत सुरा खुपसतो.

प्रेक्षकांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, हे फार घाईत उरकलं. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते, सातव्यात सात आणि आठव्यात जेमतेम सहा. त्यातले काही लांबीला मोठे होते हे खरं, पण जी बाई गुलामांच्या साखळ्या तोडते ती अचानक लहान मुलांना कशी जाळेल? हे पर्व पुन्हा नव्याने बनवा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या झाल्या. दुसरा तट म्हणाला, अचानक काहीच नाही. भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं तेव्हा ती शांतपणे बघत होती. मीरीन शहरातल्या १६३ धन्यांना तिने खांबांवर खिळवून मारलं. गुडघे टेकायला नकार देणाऱ्या बापलेकांना जाळलं. तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्यात, कारण मरणारे वाईट होते.

या दुसऱ्या तटाचं म्हणणं विचार करायला लावणारं आहे. आपल्या बाजूच्या माणसाने केलेली हिंसा आपल्याला हिंसा वाटत नाही, हे आपण चळवळीतही अनुभवलेलं आहे. तरीही मला पहिल्या तटाची तक्रार जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी तिला ‘वेगा’ची तक्रार म्हटलं, माझ्या मते ती न्यायाची तक्रार आहे.

‘अचानक’ हा शब्द आम्हाला चांगला माहीत आहे. दहा-बारा वर्षं मारहाण सोसून एखादी बाई घर सोडते, तेव्हा तिला पहिला प्रश्न येतो, ‘‘इतकी वर्षं काढलीस ना, मग आजच काय झालं?’’ हा प्रश्न हवालदार विचारतो, सासरचे विचारतात, कधी तिची आईही विचारते. खरं तर त्या दिवशी वेगळं काही झालेलंच नसतं. आधीच्या शंभर दिवसांची नोंद कोणी ठेवलेली नसते, एवढंच. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला सर्वांत आधी शिकवलं ते घटनाक्रम लिहायला. पहिलं काय झालं, मग काय झालं, त्या वेळी जवळ कोण होतं, कोणाला सांगितलं, त्यांनी काय केलं. हे सगळं ऐकून लिहायचं तर दोन-तीन बैठका लागतात. ते सोडून दिलं की कागदावर एकच ओळ उरते, ‘घरगुती कारणावरून, रागाच्या भरात’. बाईच्या आयुष्याला किती वेळ द्यायचा हे जो ठरवतो, तो तिचं कारणही ठरवून टाकतो.

मालिकेतही नेमकं हेच झालं. शेवटच्या पर्वात डेनेरिसवर काय काय कोसळतं ते पाहा. तिचा जुना विश्वासू सरदार तिला वाचवताना मरतो. एक ड्रॅगन मारला जातो. सिंहासनावर आपल्यापेक्षा जॉनचा हक्क मोठा आहे हे तिला कळतं. जिवाभावाच्या मैत्रिणीचं मुंडकं तिच्या डोळ्यांदेखत उडवलं जातं. सल्लागार पाठीमागे कट करतात. ही सगळी कारणं गोष्टीत आहेत. पण यातल्या एकाही दुःखाजवळ मालिका थांबत नाही. आणि निर्णयाचा क्षण येतो तेव्हा घंटा वाजतात, तिचा चेहरा दिसतो, ड्रॅगन झेपावतो आणि त्यानंतर त्या संपूर्ण भागात तिचा चेहरा पुन्हा दिसतच नाही. कॅमेरा खाली रस्त्यावर पळणाऱ्या माणसांबरोबर जातो. जळणाऱ्या माणसांचं दुःख दाखवायलाच हवं होतं. पण ज्या बाईने हे केलं तिच्या मनात काय चाललंय, हे बघायचं मालिकेने टाळलं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१५ मध्ये पाचव्या पर्वात सान्सा या तरुण मुलीवर लग्नाच्या रात्री नवरा बलात्कार करतो. त्या वेळी कॅमेरा वळतो तो तिथे उभ्या केलेल्या एका पुरुषाच्या चेहऱ्याकडे. त्याला काय यातना होतात ते आपण बघायचं. सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेला बलात्कार आपल्या कायद्यात आजही बलात्कार धरला जात नाही. अशा देशात राहणाऱ्या आपल्याला ही नजर ओळखीची वाटली तर नवल नाही. पुढे शेवटच्या पर्वात त्याच सान्साच्या तोंडी असं बोलणं दिलं, की ते सगळं सोसलं नसतं तर मी कायम भाबडीच राहिले असते. म्हणजे अत्याचार हीच जणू तिची शाळा! अनेक प्रेक्षक स्त्रियांनी याला हरकत घेतली आणि ते योग्यच होतं.

आता एका पुरुषाचं पाहा. पहिल्याच भागात जेमी नावाचा सरदार एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून देतो. आपल्याच राजाला मारल्याचा कलंकही त्याच्यावर आहे. पण २०१३ च्या तिसऱ्या पर्वात त्याला अख्खा एक प्रसंग मिळतो. हौदातल्या गरम पाण्यात बसून तो ब्रिएन या स्त्री योद्ध्याला सांगतो की वेडा राजा शहर जाळायला निघाला होता, म्हणून मी त्याला मारलं. ती निमूटपणे ऐकते. आपणही ऐकतो, आणि त्या माणसाकडे बघण्याची आपली दृष्टी बदलते. हा प्रसंग उत्तमच आहे. माझा प्रश्न इतकाच आहे की असा हौद आणि अशी ऐकणारी व्यक्ती डेनेरिसच्या वाट्याला का आली नाही?

तिच्या वाट्याला तयार कारणं आली. बाप वेडा होता, रक्तातच वेड आहे. प्रेमात नकार मिळाला. एकटी पडली. ‘‘त्यांच्या घराण्यातच आहे’’ हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय! याच कथेत डेनेरिसच्या पूर्वजाने, एगॉनने, ड्रॅगनच्या आगीने किल्ला आणि सैन्यं जाळून राज्य मिळवलेलं आहे. त्याला इतिहासात ‘विजेता’ म्हणतात. त्याचं डोकं फिरलं होतं असं कोणी म्हणत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कारण समजून घेणं म्हणजे समर्थन करणं नव्हे. शहर जाळणं हा गुन्हाच आहे, तो बाईने केला म्हणून लहान होत नाही. पण तिच्या कृत्याची जबाबदारी तिच्यावर टाकायची तर आधी तिला निर्णय घेणारं माणूस मानावं लागतं. ‘वेडी’ म्हटलं की जबाबदारीही संपते आणि चौकशीही.

डेनेरिसची बाजू घेणाऱ्या आपणही एक तपासलं पाहिजे. तिने मुक्त केलेल्या हजारो गुलामांपैकी किती जण मालिकेत बोलतात? ठळकपणे बोलते ती मैत्रीण मिसँडे, आणि त्या गुलामीतून सुटलेल्या काळ्या बाईला शेवटी साखळदंडातच मारलं जातं. तेही दुसऱ्या बाईच्या रागाला निमित्त मिळावं म्हणून. राणीच्या मनाला वेळ मिळाला नाही, तर दासीच्या मनाला किती मिळाला असेल?

या ७३ भागांपैकी लेखनात स्त्रीचं नाव आहे ते फक्त चार भागांवर. दिग्दर्शनही स्त्रीने केलं ते चारच भागांचं, आणि चारही वेळा ती एकच स्त्री होती, मिशेल मॅक्लारेन. पाचव्या पर्वापासून शेवटपर्यंत दोन्ही ठिकाणी एकही स्त्री नाही. स्त्रिया असत्या तर सगळं सुधारलं असतं असा दावा मी करणार नाही. पण एखाद्या प्रसंगी ‘‘अहो, तिच्या चेहऱ्याकडे बघा ना’’ असं म्हणणारं कोणीतरी तिथे असतं.

याच कथाविश्वातली ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका २०२२ मध्ये आली. तिच्यात लेखिका आणि दिग्दर्शिका जास्त आहेत. तिच्या २०२४ च्या दुसऱ्या पर्वावर तक्रार उलटी झाली, की फार संथ आहे, काही घडतच नाही. युद्धाच्या तोंडाशी आणून पर्व संपवलं, हा राग समजण्यासारखा आहे. पण त्या पर्वात दोन बाया, एके काळच्या मैत्रिणी, युद्ध टाळता येईल का यासाठी जिवावर उदार होऊन एकमेकींना भेटतात. हे ‘घडणं’ नाही का? ड्रॅगन लढले तरच काही घडलं असं मानायची सवय आपल्याला कुणी लावली?

म्हणून मुलं-मुली तासन्‌तास अशा मालिकांवर भांडतात तेव्हा त्यांना रिकामटेकडी म्हणू नये. ‘ती अशी का वागली, मधलं काय गाळलं’ हे विचारायची सवय चांगली आहे. उद्या यांच्यातलंच कोणी ठाण्यात जबाब लिहून घेईल, कोणी शेजारीण असेल, कोणी नणंद. तेव्हा ‘‘आजच काय झालं?’’ याऐवजी ‘‘कधीपासून चाललंय?’’ असं त्यांच्या तोंडून यावं.

मालिकेच्या शेवटच्या भागात ब्रिएन एक मोठं पुस्तक उघडते आणि जेमीच्या अर्धवट राहिलेल्या पानावर त्याची कामगिरी नीट, सविस्तर लिहून काढते. डेनेरिसचं पान लिहायला कोणी बसत नाही. तुमच्या पाहण्यातल्या कोणत्या मालिकेत, कोणत्या बाईचं पान असं कोरं राहिलंय? जरूर लिहून कळवा.